कॅब कॅलोवे यांची ध्वनिमुद्रणे क्रमाने कशी ऐकावीत : नव्या श्रोत्यांसाठी मार्गदर्शक

अमेरिकन जॅझ-गायक आणि वाद्यवृंद-प्रमुख कॅब कॅलोवे आपल्यापर्यंत पोहोचतात ते बहुधा चित्रफितींमधून. पांढरा टेलकोट, कपाळावर झेपावणारे केस, रंगमंचभर धावणारी पावले आणि ‘हाय-डी-हाय-डी-हो’ ही हाक एवढे पाहिले की कॅलोवे कळले असे वाटू लागते. पण १९३० पासून १९४० च्या दशकाच्या अखेरीपर्यंत त्यांनी ज्या शेकडो बाजू (तबकडीच्या एका बाजूवर मावणारी गाणी) ध्वनिमुद्रित केल्या, त्यांत स्विंग-युगातील, म्हणजे मोठ्या वृंदांच्या नृत्यानुकूल जॅझच्या काळातील, एका अव्वल वाद्यवृंदाची घडण वर्षागणिक ऐकू येते. ती ऐकायची तर ‘सर्वोत्तम गाणी’ छापाचा कोणताही संग्रह पुरा पडत नाही. मी हा सारा प्रवास तारखेच्या क्रमाने केला आहे. वाटेत जो गोंधळ उडतो त्याचे मूळ बहुतेक वेळा एकच असते : एकाच नावाची अनेक ध्वनिमुद्रणे, सतत बदलणारी लेबले (तबकड्या काढणाऱ्या कंपन्यांची नावे) आणि कुठेच न छापलेल्या तारखा. हा गोंधळ टाळून कॅलोवे नीट ऐकता यावेत यासाठी पुढील पायऱ्या सांगत आहे.

१. साधने आधी जमवा

या कामाला खर्च फारसा नाही, पण शिस्त लागते. सुरुवातीला एवढे हाताशी असावे :

- एक वही किंवा संगणकावरील तक्ता. त्यात तारीख, गाव, लेबल, मेट्रिक्स क्रमांक (तो काय ते पुढच्या पायरीत), टेक (एकाच गाण्याच्या मुद्रणाचा एकेक प्रयत्न), एकल वादन करणारे वादक आणि आपली टिपणे असे रकाने आखावेत.
- कान झाकणारे चांगले हेडफोन. जुन्या मुद्रणांत बेस आणि ड्रम मागे दबलेले असतात, आणि मोबाइलच्या स्पीकरवर ते जवळजवळ नाहीसे होतात.
- विश्वासार्ह सूची. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सांता बार्बरा शाखेने अमेरिकन ऐतिहासिक ध्वनिमुद्रणांची जी सूची विनामूल्य खुली ठेवली आहे, तीत व्हिक्टर, ब्रन्सविक, ओके आणि कोलंबिया या कंपन्यांच्या नोंदी तारखांसह मिळतात. ब्रायन रस्ट यांची छापील सूचीही उत्तम आहे, मात्र ती १९४२ ला थांबते.
- कालक्रमानुसार काढलेला एखादा संच. ‘क्लासिक्स’ या फ्रेंच लेबलने कॅलोवे यांची ध्वनिमुद्रणे तारखेच्या क्रमाने सीडींवर आणली. त्या मालिकेत पर्यायी टेक घेतलेले नाहीत, हे मात्र लक्षात ठेवावे.

प्रत्यक्ष ७८ फेऱ्यांच्या (मिनिटाला ७८ वेळा फिरणाऱ्या) तबकड्या विकत घेण्याची घाई करू नये. मुंबईच्या चोर बाजारात किंवा एखाद्या जुन्या संग्रहात अशी तबकडी हाती लागलीच, तर ती एलपीच्या (नंतरच्या काळातील लाँग-प्ले तबकडीच्या) सुईने मुळीच वाजवू नये. ७८ च्या खाचा रुंद असतात आणि त्यांना साधारण तीन मिलची (मिल म्हणजे इंचाचा हजारावा भाग) सुई लागते. एलपीची बारीक सुई खाचेच्या तळाशी घासते, आवाज खरखरीत येतो आणि तबकडीही खराब होते.

२. मेट्रिक्स क्रमांक वाचायला शिका

नवीन माणूस लेबलवरचा विक्री क्रमांक पाहतो. तो क्रमांक म्हणजे दुकानदाराच्या सोयीसाठी तबकडीला दिलेली ओळख, आणि तीच मुद्रणे पुन्हा बाजारात आली की तो बदलतो. ध्वनिमुद्रणाची खरी ओळख मेट्रिक्स क्रमांकात असते. तो लेबलजवळच्या गुळगुळीत पट्ट्यात कोरलेला असतो, आणि त्याच्या शेवटी येणारे अक्षर किंवा अंक हा टेक सांगतो. एकाच दिवशी, एकाच गाण्याचे दोन टेक झाले असतील तर चाल व शब्द तेच असतात, पण सॅक्सोफोनचे एकल वादन पूर्ण वेगळे असू शकते. जॅझमध्ये रस असतो तो नेमका तिथेच.

डिजिटल संचांत हा क्रमांक सहसा दिलेला नसतो. अशा वेळी तारीख आणि वादकांची यादी यांवरून सूचीत शोध घ्यावा. ज्या संचावर ना तारीख आहे ना वादकांची नावे, तो कितीही स्वस्त असला तरी अभ्यासासाठी निरुपयोगी समजावा.

आणखी एक सापळा वेगाचा आहे. ७८ च्या काळातील सर्वच तबकड्या काटेकोरपणे ७८ फेऱ्यांवर कापल्या जात नसत, आणि निष्काळजीपणे केलेल्या रूपांतरात सूर अर्ध्या पट्टीने वर किंवा खाली सरकतो. कॅलोवे यांचा आवाज नेहमीपेक्षा किरटा वाटू लागला तर दुसरे रूपांतर शोधून दोन्ही शेजारी ठेवून ऐकावीत. खरखर काढण्याच्या भरात झांजा आणि बँजो पुसून टाकणारी रूपांतरे मी तरी टाळतो. थोडी खरखर परवडते, गेलेली झांज परत येत नाही.

३. सुरुवात कॅलोवे यांच्या आधीपासून करा

कॅलोवे यांचा जन्म २५ डिसेंबर १९०७ रोजी न्यूयॉर्क राज्यातील रॉचेस्टर येथे झाला आणि ते बाल्टिमोरमध्ये वाढले. त्यांच्या नावाने प्रसिद्ध झालेला वाद्यवृंद मात्र त्यांनी शून्यातून उभा केलेला नव्हता. ‘द मिसुरियन्स’ हा वृंद आधीपासून होता, आणि १९२९-३० मध्ये त्याने व्हिक्टरसाठी स्वतंत्रपणे ध्वनिमुद्रणेही केली होती. ‘मार्केट स्ट्रीट स्टॉम्प’ ही त्यांतली एक बाजू आधी ऐकावी. लॅमर राइट यांचा ट्रम्पेट, डी प्रीस्ट व्हीलर यांचा ट्रॉम्बोन, मॉरिस व्हाइट यांचा बँजो आणि लरॉय मॅक्सी यांचे ड्रम यांतून मध्य-पश्चिमेकडचा रांगडा, आक्रमक ठेका जाणवतो.

त्यानंतर २४ जुलै १९३० रोजी ब्रन्सविकसाठी ध्वनिमुद्रित झालेले ‘सेंट लुइस ब्लूज’ लावावे. वादक बव्हंशी तेच आहेत, पण आता त्यांच्यासमोर बावीस वर्षांचा एक गायक उभा आहे, जो शब्द ताणतो, मोडतो आणि मध्येच निरर्थक अक्षरांत उडी घेतो. या दोन बाजू लागोपाठ ऐकल्यावर कॅलोवे यांनी वृंदात नेमकी कसली भर घातली ते कानाला स्पष्ट कळते. निरर्थक अक्षरांच्या या गायनाला स्कॅट म्हणतात. तराणा ऐकलेल्या कानाला ते परके वाटण्याचे कारण नाही, कारण दोन्हीकडे अर्थाच्या जागी लय आणि नाद बोलतात.

येथे एक दक्षता घ्यावी. नुसते ‘कॅलोवे’ शोधल्यास कॅब यांच्या थोरल्या भगिनी ब्लांश कॅलोवे यांची ध्वनिमुद्रणेही समोर येतात. त्याही गायिका व वाद्यवृंद-प्रमुख होत्या, आणि १९३१ मध्ये त्यांनी व्हिक्टरसाठी ‘जॉय बॉइज’ या वृंदासह गाणी केली. ती अवश्य ऐकावीत, कारण गायकीची धाटणी घरातूनच कशी आली ते त्यांतून उमगते. वहीत मात्र त्यांचे पान स्वतंत्र ठेवावे.

४. ‘मिनी द मूचर’ची रूपे वेगवेगळी ओळखा

सर्वाधिक गोंधळ या एका गाण्याभोवती आहे, म्हणून येथे घाई करू नये.

मूळ ध्वनिमुद्रण ३ मार्च १९३१ चे असून ते ब्रन्सविक ६०७४ या क्रमांकाने बाजारात आले. न्यूयॉर्कच्या हार्लेम वस्तीतील कॉटन क्लब या नाइटक्लबमध्ये ड्यूक एलिंग्टन या नामवंत जॅझ-संगीतकाराच्या वृंदाची जागा कॅलोवे यांनी घेतली तो हाच काळ. क्लबमधून होणाऱ्या रेडिओ-प्रक्षेपणामुळे त्यांचा आवाज देशभर पोहोचत होता. अशाच एका प्रक्षेपणात ते शब्द विसरले आणि वेळ मारून नेण्यासाठी ‘हाय-डी-हो’ची अक्षरे सुचली, असे सांगितले जाते. गाण्याचे नाते ‘विली द वीपर’ या जुन्या गीताशी आहे, आणि त्याची चाल व मांडणी ‘सेंट जेम्स इन्फर्मरी’च्या फार जवळची आहे. हे दुसरे गाणे कॅलोवे यांनी डिसेंबर १९३० मध्येच ध्वनिमुद्रित केले होते. दोन्ही लागोपाठ लावा. तोच काळोखा मायनर (उदास छटेचा पाश्चात्त्य स्वरसमूह), तीच संथ चाल, आणि मग मिनीमध्ये अचानक उघडणारी सवाल-जवाबाची खिडकी.

१९३१ च्या बाजूवर सुरुवातीलाच ट्रम्पेट घशातून गुरगुरल्यासारखा येतो. कॅलोवे कथा सांगू लागतात आणि प्रत्येक कडव्यानंतर हाक देतात. तिला उत्तर देतात ते वृंदातले वादकच, कारण स्टुडिओत प्रेक्षक नव्हते. पुढच्या काळातील मैफलींच्या मुद्रणांत हेच उत्तर प्रेक्षकांकडून येते, आणि कॅलोवे हाक मुद्दाम इतकी लांब व गुंतागुंतीची करत नेतात की अखेर सभागृह हसत हसत हार मानते. उत्तर कोण देत आहे एवढे ऐकले तरी स्टुडिओतील मुद्रण आणि मैफलीतील मुद्रण यांतला फरक पटकन ओळखता येतो.

याच गाण्याची पुढील रूपे वहीत वेगळी नोंदवावीत : १९३३ चे व्हिक्टरसाठीचे, १९४२ चे ओकेसाठीचे, आणि १९७८ चे डिस्को ठेक्यातले. ‘द ब्लूज ब्रदर्स’ या १९८० च्या चित्रपटातील गायन तर निराळेच. याशिवाय फ्लायशर स्टुडिओच्या १९३२ च्या बेटी बूप व्यंगपटात हे गाणे आहे. त्या फितीचा ध्वनी म्हणजे तबकडीवरचे ध्वनिमुद्रण असे समजू नये. १९३३ च्या ‘स्नो-व्हाइट’ आणि ‘द ओल्ड मॅन ऑफ द माउंटन’ या व्यंगपटांनाही हेच लागू आहे.

गाण्यांच्या आशयाबद्दल दोन शब्द. मिनीची कथा अफू आणि कोकेनच्या जगातली आहे. १९३१ च्या ‘किकिन द गाँग अराउंड’ या गाण्याचे शीर्षकच अफू ओढण्याचा तत्कालीन बोलीतला वाक्प्रयोग आहे, आणि १९३२ चे ‘रीफर मॅन’ गांजाविषयी आहे. हार्लेमची ही बोली कॅलोवे यांनी इतकी आपलीशी केली होती की १९३८ मध्ये तिचा एक छोटा शब्दकोशही त्यांच्या नावाने निघाला. गाणी ऐकताना तो हाताशी असल्यास अनेक ओळींचा उलगडा होतो.

५. लेबलांचा माग ठेवा

क्रम असा आहे : १९३० ते १९३२ ब्रन्सविक, १९३३ ते १९३४ व्हिक्टर, त्यानंतर पुन्हा ब्रन्सविक, १९३७ मध्ये व्यवस्थापक आयर्व्हिंग मिल्स यांचे अल्पजीवी ‘व्हरायटी’, मग व्होकॅलियन, १९४० पासून ओके आणि युद्धाच्या अखेरीपासून कोलंबिया. व्हिक्टरकडे गेल्यावर कॅलोवे यांनी आपली गाजलेली गाणी नव्या कंपनीसाठी पुन्हा गायिली. एकाच नावाच्या दोन-दोन बाजू दिसतात त्या यामुळे.

हा क्रम पाठ करण्याची गरज नाही, पण त्यामागची एक गोष्ट फार उपयोगी पडते. डिसेंबर १९३१ मध्ये ब्रन्सविक हे लेबल वॉर्नर ब्रदर्सकडून अमेरिकन रेकॉर्ड कॉर्पोरेशनच्या ताब्यात गेले. त्या तारखेपूर्वीच्या मुद्रणांचे हक्क पुढे डेक्काकडे आणि तेथून आजच्या युनिव्हर्सलकडे आले. त्यानंतरची मुद्रणे मात्र कोलंबियामार्गे सोनीकडे गेली. म्हणजे १९३१ ची मूळ ‘मिनी’ एका घराण्यात आणि १९३२ चे ‘द स्कॅट साँग’ दुसऱ्या घराण्यात, लेबल एकच असूनही. म्हणून कोलंबियाच्या एखाद्या संग्रहात ‘मिनी’ दिसली, तर ती १९४२ ची आहे का हे सर्वप्रथम तपासावे. विक्रेते या बाबतीत ग्राहकाला सावध करत नाहीत.

आपल्या संकेतस्थळावर किंवा वाहिनीवर ही मुद्रणे टाकण्याचा विचार असेल तर एवढे ध्यानात घ्यावे : भारतीय कायद्यानुसार ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रकाशनानंतर साठ वर्षे टिकतो, परंतु अमेरिकेत १९३१ ची मुद्रणे १ जानेवारी २०३२ रोजीच मुक्त होतील. तेव्हा इथे चालणारी गोष्ट अमेरिकन मंचावर चालेलच असे नाही.

६. १९३६ ते १९४२ : कान गायकावरून वृंदाकडे न्या

माझ्या मते कॅलोवे यांच्या कारकिर्दीचे मर्म या सहा-सात वर्षांत आहे, आणि नेमका हाच भाग नवे श्रोते ओलांडून पुढे जातात. गायक म्हणून कॅलोवे १९३१ मध्येच घडलेले होते. पुढे वाढत गेला तो वृंद. त्यांनी वादकांना चांगले पैसे दिले, शिस्त कडक ठेवली, आणि वर्णभेदाच्या दिवसांत दक्षिणेकडील दौऱ्यांसाठी स्वतंत्र रेल्वे-डबा घेतला, त्यामुळे उत्तम वादक त्यांच्याकडे आले आणि टिकलेही. बेसवादक मिल्ट हिंटन १९३६ मध्ये आले ते १९५० च्या दशकाच्या उंबरठ्यापर्यंत राहिले. त्यांनी त्या दौऱ्यांत काढलेली छायाचित्रे उपलब्ध आहेत. ध्वनिमुद्रणे ऐकताना ती समोर असावीत.

ऐकण्याचा क्रम असा ठेवावा. प्रथम १९३६-३७ च्या बाजू, ज्यांत टेनर सॅक्सोफोनवर बेन वेब्स्टर आहेत. १९३७ मध्ये त्यांच्या जागी चू बेरी आले आणि वृंदाचा सूरच रुंदावला. १९३८ च्या अखेरीस ड्रमवर कोझी कोल आल्यानंतर ठेका किती नेटका झाला ते १९३९ च्या ‘रॅटमाक्यू’मध्ये ऐकावे. हिंटन यांच्यासाठी ‘प्लकिन द बेस’ आहे. त्याच वर्षाचे ‘जंपिन जाइव्ह’ हे गाणे लोकप्रिय म्हणून सगळीकडे मिळते, पण ते ऐकताना शब्दांच्या मागे ऱ्हिदम विभाग (बेस, ड्रम अशी ठेका धरणारी वाद्ये) काय करतो आहे याकडे लक्ष द्यावे.

१९३९ मध्ये वृंदातील क्यूबन ट्रम्पेटवादक मारिओ बाउझा यांच्या प्रयत्नाने डिझी गिलेस्पी हा तरुण ट्रम्पेटवादक आत आला. मार्च १९४० चे ‘पिकिन द कॅबेज’ हे त्याचेच संगीत आणि त्याचीच मांडणी. खाली सतत फिरणारी बेसची आकृती, वर मायनरमधील धून, आणि ट्रम्पेटच्या एकल वादनात अनपेक्षित स्वरांवर जाऊन थांबण्याची सवय. पुढच्या बीबॉपची (१९४० च्या दशकातील गुंतागुंतीच्या जॅझशैलीची) चाहूल येथे लागते. कॅलोवे यांना हे वादन फारसे रुचत नसे. तरीही ते ध्वनिमुद्रित होऊ दिले, याची नोंद त्यांच्या बाजूने करायला हवी. सप्टेंबर १९४१ मध्ये हार्टफर्ड येथे रंगमंचावर कागदाचा बोळा फेकल्याच्या आरोपावरून दोघांत झटापट झाली आणि गिलेस्पी यांची नोकरी गेली. म्हणून त्यानंतरच्या बाजूवर त्यांचे नाव छापलेले आढळल्यास ते चूक समजावे.

मग जून १९४० चे ‘घोस्ट ऑफ अ चान्स’. ही बाजू शांतपणे, इतर काही न करता ऐकावी. कॅलोवे यांचा आवाज यात नाही. वृंद मागे मंद सूर धरून राहतो आणि जवळजवळ सगळी तबकडी चू बेरी यांच्या टेनरला दिलेली आहे. प्रत्येक वाक्य ते पुरता श्वास घेऊन सुरू करतात, मधल्या जागा घाईने भरत नाहीत, आणि चाल ओळखू येईल इतकीच शिल्लक ठेवतात. तीन मिनिटांची तबकडी विकली जाणार ती कॅलोवे यांच्या नावावर, आणि तरी त्यांनी ती संपूर्णपणे आपल्या वादकाच्या हाती दिली. बेरी ऑक्टोबर १९४१ मध्ये मोटार अपघातानंतर वारले, तेव्हा ते अवघे तेहतीस-एक वर्षांचे होते. ‘हाय-डी-हो’पलीकडे कॅलोवे नाहीत असे म्हणणाऱ्याला मी नेहमी हीच बाजू ऐकवतो.

१९४१ मध्ये ट्रम्पेटवर जोना जोन्स आले. त्यांच्या स्वागताचे ‘जोना जॉइन्स द कॅब’ आणि सप्टेंबर १९४१ चे ‘ब्लूज इन द नाइट’ ऐकून हा टप्पा पूर्ण करावा.

७. १९४२ नंतरची पोकळी समजून घ्या

सूचीत १९४२ च्या मध्यानंतर अचानक पाने कोरी दिसतात. नोंदी गहाळ झाल्या असे समजू नये. १ ऑगस्ट १९४२ पासून अमेरिकन वादक-संघटनेने ध्वनिमुद्रणावर बहिष्कार टाकला, आणि कोलंबिया व व्हिक्टर या कंपन्यांशी तडजोड नोव्हेंबर १९४४ मध्येच झाली. त्याच सुमारास युद्धामुळे तबकड्यांसाठी लागणाऱ्या शेलॅकवरही निर्बंध आले, कारण शेलॅकची लाख प्रामुख्याने भारतातून जात असे. या काळातील कॅलोवे ऐकायचे तर १९४३ चा ‘स्टॉर्मी वेदर’ हा चित्रपट आणि रेडिओ-प्रक्षेपणांची जतन झालेली मुद्रणे यांकडे वळावे. प्रक्षेपणांच्या मुद्रणांवर तारखा अनेकदा अंदाजाने घातलेल्या असतात, म्हणून वहीत त्यांच्यापुढे प्रश्नचिन्ह ठेवावे.

याच टप्प्यावर मराठी वाचकाने एक फेरफटका मुंबईचा मारावा असे मी सुचवेन. १९३० च्या दशकात ताजमहाल हॉटेलमध्ये लिऑन ॲबी, क्रिकेट स्मिथ आणि टेडी वेदरफर्ड या आफ्रिकन-अमेरिकन कलावंतांचे वादन झाले, आणि त्यांच्या सहवासात व प्रभावात गोव्याच्या वादकांची एक पिढी तयार झाली. त्यांतले ट्रम्पेटवादक चिक चॉकलेट पुढे सी. रामचंद्र यांच्यासोबत ‘अलबेला’च्या संगीतात होते. १९५७ च्या ‘आशा’मधील ‘ईना मीना डीका’ हे गाणे कॅलोवे यांच्या १९३२ च्या ‘द स्कॅट साँग’नंतर लावून पाहावे. थेट उसनवारीचा दावा मी करत नाही, पण निरर्थक अक्षरांना ब्रासची (ट्रम्पेट, ट्रॉम्बोन अशा पितळी वाद्यांची) साथ देण्याची ती रीत आपल्या कानावर कुठल्या वाटेने आली असेल याचा अंदाज येतो.

८. युद्धानंतरचे निवडून ऐका

कोलंबियासाठी १९४५ ते १९४९ या काळात केलेल्या बाजूंत आवाज पूर्वीइतकाच दमदार आहे, पण गाणी सरस-नीरस आहेत. १९४७ चे ‘द हाय-डी-हो मॅन’ घ्यावे, बाकीची सवडीने ऐकावीत. मोठे वृंद चालवणे परवडेनासे झाल्यावर १९४८ च्या सुमारास कॅलोवे यांनीही आपला वृंद मोडला आणि लहान संचासह काम सुरू केले. त्यानंतरचे त्यांचे मोठे काम रंगभूमीवरचे आहे : ‘पोर्गी अँड बेस’ या ऑपेरातील स्पोर्टिन लाइफ ही भूमिका, आणि १९६७ पासून पर्ल बेली यांच्यासह ‘हॅलो, डॉली!’.

१९५० च्या दशकाच्या अखेरीपासून निघालेल्या एलपींवर जुन्याच गाण्यांची नवी स्टिरिओ मुद्रणे आहेत, आणि आजच्या डिजिटल मंचांवर ती सरसकट मूळ म्हणून दाखवली जातात. खात्री करण्याचा सोपा उपाय असा : हेडफोन लावून डावा आणि उजवा आवाज आलटूनपालटून बंद करावा. दोन्हीकडे निरनिराळी वाद्ये ऐकू आली तर ते मुद्रण १९३० किंवा १९४० च्या दशकातले नाही. केवळ एका बाजूला खर्ज आणि दुसऱ्या बाजूला तार सप्तक अशी कृत्रिम विभागणी जाणवली, तर जुन्या मोनो मुद्रणाला नंतर चढवलेला तो साज आहे. अशा वेळी तीच बाजू साध्या मोनो रूपात शोधावी आणि वहीत त्या रूपांतराचीच नोंद करावी.